बॅटरीच्या गाडीचे मामा

आपल्या धाराशिव जिल्ह्यात जेवढी म्हणून वाहनं आहेत, म्हणजे बैलगाड्या आल्या, एस्ट्या आल्या, उसाचे ट्रॅक्टर आले, पोरांच्या फटफट्या आल्या, त्या सगळ्यांत सावकाश चालणारं वाहन माझ्या मामासासऱ्यांच्या हातात आहे, यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. तुळजापूर-सोलापूर रस्त्याला आमचं गोदाम आहे. तेलाचे डबे, साखर, साबुदाणा, साबण असला किराणा माल तिथं मोठ्या ट्रकनं येतो आणि छोट्या गाड्यांनी गावोगावच्या दुकानांत जातो. या गोदामात माल इकडचा तिकडं करायला बॅटरीवरची एक गाडी आहे. कागदोपत्री तिचं नाव इलेक्ट्रिक पॅलेट ट्रक, पण तिला ट्रक म्हणणं म्हणजे शेळीला ऐरावत म्हणणं. बसायला जागा नाही, काच नाही, टप नाही. पुढं दोन लांब लोखंडी पाती, ती मालाच्या लाकडी पाटाखाली घालायची, बटण दाबलं की पाट चार बोटं वर उचलला जातो, आणि मग माणसानं दांडा धरून गाडीबरोबर पायी चालायचं. टनभर माल दाव्याच्या रेडकासारखा मुकाट मागं येतो. ही गाडी गेल्या दीड वर्षापासून मामा चालवतात. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, आणि मी त्या गोदामाचा स्टोअरकीपर, म्हणजे हुद्द्यानं त्यांचा साहेब. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाच्या खांद्यावर बसून आपली बायको जत्रा बघत मोठी झाली, मेहुणा नाही म्हणून ज्यानं लग्नात आपला कान पिळला, आणि तोही शास्त्रापुरता नव्हे, चांगला लाल होईस्तोवर, त्याला 'जरा लवकर आवरा' हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? बरं, ते मला भर गोदामात 'जावईबापू' म्हणतात. मी एकदा हळूच सांगून पाहिलं की मामा, ड्युटीवर नुसतं साहेब म्हणा. तर म्हणाले, "साहेब काय, बदलून जातेत. जावई थोडाच बदलतोय?" परिणाम असा झाला की आता इंदूरहून माल घेऊन येणारे ट्रकवालेही मला 'जवाईबापू' अशी हाक मारतात आणि चहा मागतात.

मामा मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचे. तीस वर्षं त्यांनी आडत बाजारात पोती वाहिली. अंगानं आडवे, मानेवर पोत्यांनी पडलेला घट्टा, डोक्याला पांढरा रुमाल आणि पुढं पंचक्रोशीत नाव काढलेलं पोट. कंबरेनं बोलायला सुरुवात केली तेव्हा मी त्यांना आमच्याकडं लावून घेतलं, पण इथंही पोतीच. मग एक दिवस ही गाडी आली आणि ती शिकवायला पुण्याहून कंपनीचा एक चष्मेवाला माणूस आला. टोळीतले तरणे हमाल गाडीच्या पात्यांवर उभे राहून फोटो काढत होते. एकटे मामा तेवढे सत्यनारायणाच्या पोथीला बसल्यासारखे मांडी घालून समोर बसले. त्या माणसानं बारा नियम सांगितले. मामांना वाचायला जेमतेम येतं, म्हणून त्यांनी ते बाराच्या बारा पाठ केले. दोन दिवसांनी परीक्षा झाली आणि सगळ्या गोदामात एकटे मामा पास. पंचाईत एवढीच, की नियम त्यांना ओळीनंच येतात. सातवा कुठला असं विचारलं की स्वारी पहिल्यापासून निघते. एकदा तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं सहज विचारलं, "उतारावर काय काळजी घेता?" उताराचा नियम अकरावा. मामांनी डोळे मिटले, हात जोडले आणि 'गाडी सुरू करायच्या आधी भवतीनं फिरून बगावं' इथपासून सुरुवात केली. अधिकारी बिचारा हातात चहा घेऊन उभा. चहा गार झाला. अकराव्याला पोचल्यावर मामांनी एक डोळा उघडला, "हां, ह्ये तुमचं," म्हणाले, "उतारावर मानसानं गाडीच्या खालच्या अंगाला कदी ऱ्हाऊ न्हाय," आणि डोळा परत मिटून बारावाही म्हणून टाकला. मधेच सोडलं तर पाप लागतं, असं नंतर मला सांगितलं.

सकाळी आठला मामा येतात तेव्हापासून साडेआठपर्यंत गाडी जागची हलत नाही. आधी तिच्याभोवती फेरी. चाकात दोरा, सुतळी, प्लास्टिक अडकलंय का, खाली तेलाचा थेंब पडलाय का, चार्जिंगची वायर उंदरानं कुरतडलीय का, सगळं वाकून वाकून बघायचं, आणि पोटामुळं वाकणं होत नाही म्हणून खाली बसायचं, आणि खाली बसलं की उठताना कुणालातरी हात द्यायला बोलवायचं. मग हॉर्न. मग ब्रेक. आणि शेवटी पोटाचं बटण. दांड्याच्या टोकाला एक लाल बटण असतं. माणूस उलटा चालत असताना भिंतीत आणि गाडीत चेंगरायची वेळ आलीच, तर ते बटण पोटाला टेकतं आणि गाडी आपोआप माणसापासून लांब सरकून थांबते. हे बटण रोज तपासायचं असतं. तळहातानं दाबून बघितलं तरी भागतं, पण मामांना ते पटत नाही. "बटन पोटासाठी केलंय, तर पोटानंच बगाय पायजे. हाताला काय कळतंय?" असं म्हणून ते रोज रुमाल सारखा करतात, श्वास घेतात आणि एखाद्या पैलवानानं सलामी द्यावी तसं पोट पुढं करतात. गाडी दचकून मागं सरते. मामांच्या तोंडावर असं समाधान पसरतं, की बघत राहावं. "चांगल्या घरची हाय," म्हणतात, "पोटावर पाय देत न्हाय." टोळीतला एक किडकिडीत गडी एकदा म्हणाला, मामा, मलाही शिकवा की. मामांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आदी जेव. तुला बटन सापडंपर्यंत बरगड्या जातेल्या."

हॉर्नचं तर विचारूच नका. वळणावर हॉर्न वाजवायचा हा नियम पाचवा, आणि आमच्या गोदामात मालाच्या थप्प्यांमुळं वळणं सतरा. समोर कुणी असो नसो, मामा प्रत्येक वळणाला थांबतात, हॉर्न देतात, कान देऊन ऐकतात आणि मग निघतात. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरलीय, की घरीसुद्धा माजघरातून स्वयंपाकघरात जाताना दारात थांबून तोंडानं 'पँ' करतात. मामी सांगतात, पहिल्यांदा केलं तेव्हा हातातलं कालवण सांडलं, आता नाही केलं तर सांडतं. गाडी रिकामी असली तरी त्यांची चाल तीच. पात्यांवर कुणाला बसू देत नाहीत, उभं राहू देत नाहीत. एकदा आमच्या मॅनेजर साहेबांचा पाय मुरगळला होता, तर कुणीतरी म्हणालं, साहेबांना गाडीवर बसवून ऑफिसपर्यंत न्या. मामा म्हणाले, "मानसं वाहायची गाडी न्हाय ही. नियम चौथा. पायजे तर पाटीवर घेतो." आणि खरोखर, तीस वर्षं पोती वाहिलेल्या त्या पाठीवर साहेबांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी कंबर धरून रजेवर. साबुदाण्याच्या थप्पीमागं मांजर व्याली तेव्हा महिनाभर त्या गल्लीतून गाडी गेली नाही. दुकानदार विचारायचे, साबुदाणा का येईना? मी काय सांगणार, की बाळंतीण आहे म्हणून?

पण मामांचा खरा जीव बुटांत. त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही. वाशीच्या बाजारात एकदा हातगाड्याचं चाक गेलं, ते नख पुन्हा आलंच नाही. तेव्हापासून ते माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी पाय. पुण्याच्या माणसानं पुढं लोखंडी टोपण असलेले बूट दिले, तेव्हा मामांनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि कपाळाला लावले. घरी ते बूट कापडात गुंडाळून कपाटात ठेवतात, जिथं मामींचं पैठणी लुगडं आहे त्याच कप्प्यात. गोदामात फरशीवर एक पिवळा पट्टा मारलेला आहे. पट्ट्याच्या आत गाडी फिरते, बाहेर माणसं. बुटाशिवाय कुणी पट्ट्याच्या आत पाय ठेवला की मामा जागच्या जागी गाडी थांबवतात, पाती खाली टेकवतात, किल्ली काढून गळ्यातल्या कवड्यांच्या माळेला अडकवतात आणि हाताची घडी घालून उभे राहतात. एकदा खुद्द आमचे शेठ कोल्हापुरी चपला करकरवत आत आले. मामांनी गाडी थांबवली. शेठ म्हणाले, काय झालं? मामा त्यांच्या पायांकडं बघत राहिले. शेवटी मी धावत जाऊन जादाचे बूट आणले, ते होते दहा नंबरचे, आणि शेठ सात नंबरचे. पूर्ण गोदाम ते पाय ओढत ओढत फिरले. जाताना मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "या माणसाला सोडू नका." मला हसू आवरेना आणि छाती फुगली तीही गोष्ट खरी. माणूस कसाही असला तरी सासरचा होता ना!

आता अशा माणसाचं अनवाणी चालण्याशी जन्माचं वाकडं असायला हवं की नाही? पण इथंच तर सगळा घोळ आहे. मामी तेवीस वर्षांपूर्वी फार आजारी पडल्या. सोलापूरच्या दवाखान्यात अठरा दिवस होत्या, आणि अठराव्या दिवशी डॉक्टरांनी मामांना बाहेर बोलावून सांगितलं की आता आमच्या हातात काही राहिलं नाही. मामांनी दवाखान्याच्या पायरीवरच वहाणा काढल्या आणि तिथून थेट तुळजापूरला चालत निघाले. रात्र, दिवस, काही बघितलं नाही. देवीच्या पुढं उभं राहून बोलले, की हिला बरी करून घरी आण, जन्मभर तुझे नऊ दिवस मी पायात काही घालणार नाही. परत आले तेव्हा मामी उशीला टेकून पेज पीत होत्या. यावर तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, मी काहीच म्हणत नाही, कारण त्या पेजेची चव कशी होती ते मामी आजही सांगतात. तेव्हापासून दर नवरात्रात घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत मामा अनवाणी. आमच्याकडं नवरात्रात अर्धा जिल्हा अनवाणी असतो, त्यामुळं कुणाला त्याचं विशेष वाटत नाही. पोती वाहायची तेव्हा अनवाणी वाहिली, काही अडलं नाही. गाडी आल्यावरचं पहिलं नवरात्र गेल्या वर्षी आलं, आणि ही भानगड माझ्या डोक्यातच आली नव्हती. म्हणे मी साहेब!

घटस्थापनेच्या सकाळी मामा आले ते अनवाणी, कपाळाला मळवट, गळ्यात माळ. पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभे राहिले, माळेची किल्ली सोडवली आणि दोन्ही हातांनी माझ्या पुढं धरली. "जावईबापू, नऊ दिवस म्या गाडीला हात लावनार न्हाय. बुटाबिगर गाडी न्हाय, अन् नवरात्रात बूट न्हाय. बाहीर ऱ्हाऊन काय बी काम सांगा." आता नवरात्रात तुळजापुरात मुंगीला जागा नसते. लॉजवाले, खानावळवाले, प्रसादाचे दुकानदार सगळ्यांना साबुदाणा, भगर, शेंगदाणे, तेल आजच पाहिजे असतं. दारात तीन मोठे ट्रक उभे होते. मॅनेजर साहेब नगरकडचे, माणूस वाईट नाही, पण घड्याळ त्यांच्या मनगटावर नसून डोक्यात आहे. त्यांनी ऐकलं आणि मुकादमाला हुकूम दिला, तू चालव. मुकादम तीस-पस्तिशीचा, धडाडीचा, आणि तोही अनवाणी. त्याची टोळी अनवाणी. त्यानं माझ्या टेबलावरची किल्ली उचलली आणि गाडी अशी सोडली की मामांनी डोळेच मिटून घेतले. पट्ट्याच्या बाहेर भिंतीला पाठ लावून ते नुसते ऐकत उभे. एक वळण गेलं, हॉर्न नाही. दुसरं गेलं, हॉर्न नाही. तिसऱ्या वळणाला कुणीतरी 'आरं आरं' म्हणून ओरडलं आणि तेलाच्या डब्यांनी भरलेली गाडी एका हमालाच्या उघड्या पावलापासून दोन बोटांवरून गेली. पुढच्या क्षणाला मामा पट्ट्याच्या आत होते. अनवाणी. स्वतःचा नियम स्वतः मोडून, त्या पोटासकट, कंबरेसकट ते असे पळाले की मी त्यांना तसं पळताना ना आधी पाहिलं ना नंतर. गाडी जागच्या जागी बंद करायचं मोठं तांबडं बटण असतं, ते त्यांनी थाडकन दाबलं. गाडी थांबली. गाडीची किल्ली काढून घेतली आणि मुकादमाला म्हणाले, "ह्या गड्याची आई सोयाबीन काढायला गेली असंल न्हवं? तिला काय सांगू म्या, तुज्या पोराचा पाय कुठं ठिवला?"

मॅनेजर साहेब तरातरा आले. गोदाम ठप्प, ट्रकवाले हॉर्न देतायत, आणि हा माणूस किल्ली मुठीत धरून उभा. साहेबांनी आधी समजुतीनं घेतलं. म्हणाले, "मामा, ड्युटीपुरते बूट घाला, बाहेर अनवाणी राहा. देवीला काय कळत नाही का?" मामा म्हणाले, "साहेब, नवस काय अर्धा असतोय व्हय? तिला म्या म्हनलो हुतो का, आठ घंटं सोडून बाकीच्या वक्ताला बायकूला जगीव म्हून?" पण साहेबांनाही वरून फोन येत होते. त्यांचा सूर बदलला. "मग ऐका. बारा वाजेपर्यंत बूट घालून गाडीवर आलात तर ठीक. नाहीतर सोलापूरहून दुसरा ऑपरेटर बोलावतो, आणि तो आला की तोच राहील. तुम्हाला परत पोती." मामांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यांच्या कंबरेचं काय झालंय ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. पोती म्हणजे दोन महिन्यांत घरी बसणं. आणि बूट म्हणजे बावीस वर्षांचा तो बोल मोडणं, मामींच्या जिवावर. मला म्हणाले, "घरला सोडा मला. तिला इचारतो."

मी त्यांना माझ्या फटफटीवर मागं घेतलं. तीन किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंनी अनवाणी माणसं देवीला चाललेली, हलगी वाजतेय, आणि मागं मामा गळ्यातल्या कवड्या चाचपत बसलेले. निम्म्या वाटेत म्हणाले, "जावईबापू, नवस सोडल्यावर काय हुतंय, ठाव हाय का?" मी म्हटलं, "काय होतं?" मग म्हणाले, "मला बी ठाव न्हाय. म्हून तर भ्या वाटतंय."

मामी घट बसवून नुकत्याच उठल्या होत्या. हातांना माती तशीच. त्यांची शरीरयष्टी चिमणीएवढी, आवाज मात्र शेताच्या पल्याडच्या बांधाला ऐकू जावा असा. मामांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मामींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यो नवस कुनाचा?"

"तुज्यासाठीचा."

"मंग माजा हाय. माजं मी बगते." असं म्हणून त्यांनी पायातल्या चपला काढल्या, झटकल्या आणि वर फळीवर ठेवल्या. "आजपसून नऊ दिवस ह्या वर. तुमी बूट घाला."

मामा एकदम कावरेबावरे झाले. "अगं येडी का खुळी तू? सोयाबीन काढायला आलंय, रानात धसकटं हायती! सराटं हायती!"

"बावीस वर्सं तुमच्या पायाला धसकटं न्हवती का?" मामींनी कपाट उघडलं, लुगड्यापासचं गाठोडं काढलं आणि बूट मामांच्या पुढं ठेवले. मग मात्र त्यांचा आवाज फिरला. "देवीनं मला वाचिवलं ते काय तुमाला लंगडं बगायला? तुमचा पाय त्या गाडीखाली गेला तर ह्यो जीव घिऊन मी काय करू? बसा खाली."

मामा बसले. आणि रडले. पोट हलवून हलवून, मोठ्यानं रडले. पोटामुळं त्यांना स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही, रोज गोदामात कुणीतरी बांधतं. त्या दिवशी मामींनी बांधली. मातीच्या हातांनी, दोन दोन गाठी मारून. मी दारात उभा राहून आकाशाकडं बघत होतो, कारण दुसरीकडं कुठं बघावं ते कळेना.

बाराला दहा कमी असताना मामा गोदामात शिरले. बूट घातलेले पाय बघून सगळी टोळी हातातलं काम सोडून उभी राहिली. मुकादम पुढं आला, मान खाली घालून म्हणाला, "मामा, आमी कसं करायचं? आमी बी अनवानीच हाव." मामा म्हणाले, "देवीचं राज बाहीर. पिवळ्या पट्ट्याच्या आत गाडीचं राज. तुमी बाहीरनं ट्रक उतरवा, आतलं म्या बगतो." आणि तसंच झालं. अनवाणी माणसं बाहेर, बूटवाली आत, आणि मधल्या पट्ट्यावर माल इकडून तिकडं. काम थोडं हळू झालं, पण नऊ दिवसांत कुणाच्या पायाला ओरखडा आला नाही आणि तुळजापुरात साबुदाणाही कमी पडला नाही. सोलापूरचा ऑपरेटर सोलापुरातच राहिला.

पण ते नऊ दिवस मामा मामा नव्हते. सकाळी बूट घालायच्या आधी तुळजापूरच्या दिशेला तोंड करून हात जोडायचे आणि सांगायचे, "आई, ह्ये बूट माजे न्हाईत, कंपनीचे हायेत." पोटाचं बटण हातानं तपासायला लागले. आणि फोन. ज्या माणसानं कधी स्वतःहून फोन लावला नाही, तो दर अर्ध्या तासाला गाडी उभी करायचा, पाती खाली टेकवायचा, किल्ली काढायचा आणि मामींना फोन लावायचा. "कुठं हाईस? बांधावनं चाल. मदनं जाऊ नगस. पाय उचलून टाक. थांब, वळायच्या आदी बग." पलीकडून मामींचा आवाज सगळ्या गोदामाला ऐकू यायचा, "आवो, मी काय बॅटरीची गाडी हाय का? ठिवा फोन!" टोळी पोट धरधरून हसायची. मीही हसायचो. आम्हाला वाटायचं, मामांनी आता मामींनाही बारा नियम लावले. मॅनेजर साहेबांनी या फोनांबद्दल मामांना टोकलं नाही, एवढं त्यांच्या नावावर मांडायला हवं.

दसऱ्याला संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला मामांकडं गेलो. दार उघडंच होतं. मामी बाजेवर बसलेल्या आणि मामा खाली जमिनीवर. मामींचे दोन्ही पाय त्यांच्या मांडीवर, शेजारी वाटीत एरंडेल, हातात सुई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ते एकेक कुसळ काढत होते. त्या पायांकडं बघवत नव्हतं. सोयाबीनच्या धसकटांनी टाचा जागोजागी फुटल्या होत्या. मला बघून मामा ओशाळले, पण पाय खाली ठेवले नाहीत.

"या जावईबापू," मामी म्हणाल्या, "बरं झालं आलाव. तुमी साक्षीला ऱ्हावा. बावीस वर्सं मी ह्यानला इचारायची, पाय दुखतेत का वो? ह्यो मानूस म्हनायचा, फुलावनं चालल्यागत वाटतंय. ह्या नऊ दिसांत कळलं, केवडं खोटं बोललाय ह्यो मानूस माज्याशी."

"नवसाचं दुखनं बोलून दावायचं नसतंय," मामा सुईवरची नजर न काढता म्हणाले.

"मंग मला सारकं का इचारत हुता? दिसभर फोन, दिसभर फोन. रानात बायका हसायल्या माज्यावर. सराटं का मला दिसत न्हवतं?"

कुसळ बारीक होतं, सापडत नव्हतं. मामा बोटांनी टाच चाचपत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सराट्यासाठी न्हाय करत हुतो. नवस मोडला हुता म्या. तू हाईस का न्हाईस, तेवडं बगत हुतो."

मामींनी डोळ्याला पदर लावला. त्यांचा तो बांधाच्या पल्याड जाणारा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. गोदामात त्या फोनवरून आम्ही नऊ दिवस हसलो होतो, ते आठवून मला तिथल्या तिथं तोंड लपवावंसं वाटलं. काहीतरी करायचं म्हणून मी सोनं पुढं केलं आणि पाया पडायला वाकलो. आधी मामांच्या पडावं तर त्यांचे पाय मांडीखाली, मामींच्या पडावं तर त्यांचे पाय मामांच्या मांडीवर. मग जिथं होतं तिथंच डोकं टेकवलं. एकाच नमस्कारात दोघांचंही झालं. मामांचा एरंडेलाचा हात डोक्यावर आला, वरून मामींचाही आला. "सोन्यावानी ऱ्हावा," दोघंही एकदमच म्हणाली. घरी परतल्यावर बायकोनं विचारलं, केसांना कसलं तेल लागलंय? मी त्या रात्री डोकं धुतलं नाही.